ओतायच्या आधीच जोडलेलं इंजिन

प्रश्न: काका नमस्कार, मी सिनसिनाटीला असतो, मूळचा मिरजेचा. सहा-सात वर्षं थोडे थोडे पैसे बाजूला टाकत आता १९६९ ची शेवरोले कॅमारो झेड २८ घ्यायची हिंमत केलीये. इंडियानात एक सापडलीये, ऑरेंज रंगाची, विकणारे गृहस्थ म्हणतात नंबर मॅचिंग आहे, म्हणजे फॅक्टरीत याच गाडीत बसवलेलं ओरिजिनल डीझेड इंजिन, आणि किंमतही त्याच हिशोबाने सांगतायत. मी फोटो काढले, जेवढं वाचता आलं तेवढं लिहितो. इंजिनच्या पुढच्या पॅडवर, म्हणजे नंबर ठोकायच्या सपाट जागेवर, व्ही ०३०४ डीझेड, शेजारी १९ एन ने सुरू होणारा नंबर, तो डॅशबोर्डवरच्या नंबरशी जुळतो. मागे ब्लॉकवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य लोखंडी धडावर, ओतीव कास्टिंग नंबर ३९७००१०. मागेच दुसऱ्या बाजूला तारीख आहे, सी २७ ९ असं वाटतंय पण पेंट जाड आहे, सी च्या जागी जी पण असू शकेल. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरच्या) पट्टीवर ०३बी आणि एक्स ७७. कागद काहीच नाहीत, आधीच्या मालकाकडून हरवले म्हणतात. बायको म्हणते आधी कुणाला तरी दाखव. शनिवारी डिपॉझिट द्यायचंय. देऊ का?

उत्तर: काका म्हणालास म्हणून सरळ अरे-तुरे करतो. डिपॉझिट देऊ नकोस. गाडी घेऊच नकोस असं म्हणत नाहीये, ते पुढे बोलू, पण या किंमतीला आणि नुसत्या शब्दावर तर नाहीच, आणि त्याचं कारण तूच पत्रात लिहून पाठवलंयस, फक्त एकेक नंबर सुटा सुटा वाचलास म्हणून लक्षात आलं नाही. तारखा एकाखाली एक मांडून बघ.

व्ही ०३०४ डीझेड मधला व्ही म्हणजे फ्लिंटचा व्ही-८ इंजिन प्लांट, ०३०४ म्हणजे ४ मार्च, त्या दिवशी इंजिन जोडून तयार झालं, आणि डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड २८ चं ३०२ क्यूबिक इंचाचं इंजिन. वर्ष यात नसतं, ते शेजारच्या १९ एन मधल्या ९ वरून कळतं. मी कॅलेंडर काढून बघितलं, ४ मार्च १९६९ ला मंगळवार होता, म्हणजे ही तारीख एकटी घेतली तर तिच्यात काही खोट दिसत नाही. आता मागची तारीख घे. ती ब्लॉक ओतल्याची तारीख, तिच्यात महिन्याला अक्षर असतं, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं करत एल म्हणजे डिसेंबर. सी २७ ९ म्हणजे २७ मार्च १९६९. म्हणजे सॅगिनॉच्या फाउंड्रीत ब्लॉक ओतला गेला २७ तारखेला, आणि फ्लिंटला तोच ब्लॉक जोडून झाला त्याच्या तेवीस दिवस आधी, ४ तारखेला! आणि फायरवॉलवरची ०३बी म्हणते की गाडीची बॉडी मार्चच्या दुसऱ्याच आठवड्यात बनली. म्हणजे गाडी लाइनवर होती तेव्हा हा ब्लॉक जन्मालाच आला नव्हता.

तू म्हणतोस सी ऐवजी जी असेल. जी म्हणजे जुलै, मग तर अजूनच उशीर. आणि तिसरी एक गोष्ट आहे जी विकणारे कधी बोलत नाहीत आणि घेणाऱ्यांना सहसा माहीत नसते: तारखेतला शेवटचा ९ हा फक्त वर्षाचा शेवटचा आकडा असतो, दशक त्यात नसतं. ३९७००१० हा कास्टिंग नंबर १९६९ च्या डीझेडवर येतो हे खरं, पण हाच ब्लॉक शेवरोलेने पुढे सत्तरच्या दशकभर साध्या ३५० इंजिनांसाठी ओतला, कार, पिकअप सगळ्यांत घातला. ३०२ आणि ३५० दोघांचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ४ इंचच, फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन किती वर-खाली जातो त्याचा, ३०२ चा ३ इंच आणि ३५० चा ३.४८. म्हणजे तुझ्यासमोरचा ९ हा १९७९ चा पण असू शकतो, कुठल्यातरी भंगारातल्या पिकअपचा. त्यामुळे "कास्टिंग नंबर बरोबर आहे" हे वाक्य कुणी अभिमानाने सांगितलं तर ऐकून घे, मान हलव, आणि तारीख विचार.

ही साखळी डोक्यात पक्की बसव, सॅगिनॉला ओतकाम, मग फ्लिंटला जोडणी, मग तुझ्याच गावातल्या नॉरवुडला गाडीत बसवणं. प्रत्येक तारीख आधीच्या तारखेनंतरची पाहिजे, आणि फार लांबची पण नको, साधारण काही दिवस ते काही आठवडे. अपवाद म्हणून एक लक्षात ठेव, १९७० चं नवीन मॉडेल लांबलं म्हणून १९६९ ची कॅमारो त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत बनत राहिली, त्यामुळे एखाद्या १९६९ च्या गाडीवर सप्टेंबर-ऑक्टोबर १९६९ ची तारीख दिसली म्हणून दचकायचं नाही. पण तुझ्या गाडीची पट्टी मार्च म्हणतेय, तिला हा अपवाद लागू होत नाही.

आता तुझ्या मनात येईल की मग पॅडवरचा नंबर डॅशबोर्डशी जुळतो कसा. जुळणारच, कुणीतरी जुळवलाय. झेड २८ ची इंजिनं लोकांनी रेसिंगला पळवली, फोडली, बदलली. हे इंजिन मुळात ट्रान्स-ॲम रेसच्या ३०५ क्यूबिक इंचाच्या मर्यादेत बसावं म्हणूनच बनवलेलं, शेवरोलेच्याच ३२७ इंजिनच्या बोअरमध्ये २८३ इंजिनचा स्ट्रोक, कागदावर २९० हॉर्सपॉवर, वर वर फिरवायला केलेलं इंजिन, त्यामुळे मूळ ब्लॉक शाबूत असलेल्या गाड्या थोड्या आणि तशा गाडीला भाव चांगलाच जास्त. मग कुणी काय करतो, त्याच जातीचा दुसरा ब्लॉक आणतो, पॅड मशीनवर घासून जुना नंबर घालवतो आणि पाहिजे तो नंबर ठोकतो. पुढचे आकडे ठोकलेले असतात, ते नवे ठोकता येतात. मागची तारीख लोखंडासोबत ओतलेली असते, उठावाची, ती सहजासहजी बदलता येत नाही, म्हणून तर ती तुझ्या कामाला आली. पुढचं पॅड बघून लोक खूश होतात आणि मागे बघायला आरसा लागतो, वाकावं लागतं, हात काळे होतात म्हणून बघतच नाहीत. तू बघितलंस. शाबास.

पॅड बघायची पण एक नजर असते, ती सांगतो कारण पुढच्या गाडीला लागेल. फ्लिंटला ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, म्हणजे डेक, ब्रोच नावाच्या दातेरी हत्याराने सरळ तासायचे, त्याच्या बारीक सरळ रेघा पॅडवर राहतात, इंजिनच्या पुढून मागे जाणाऱ्या, एकमेकींना समांतर, विंचरलेल्या केसांसारख्या. या रेघांवरून आकडे ठोकलेले दिसले पाहिजेत. पॅड गुळगुळीत असेल, किंवा कमानीसारख्या गोल रेघा असतील, किंवा सँडपेपरचे वेडेवाकडे ओरखडे असतील, तर फॅक्टरीनंतर तिथे कुणीतरी काम केलंय. आता हे काम प्रामाणिकही असू शकतं हं, इंजिन रिबिल्ड करताना हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, सपाट बसावं म्हणून मशीनवाले वरचा भाग तासतात आणि त्यात खरा नंबर पण निघून जातो. पण मग पॅड कोरं पाहिजे. तासलेल्या पॅडवर ठसठशीत नंबर, हे दोन्ही एकत्र दिसलं की थांबायचं.

दुसरं म्हणजे दोन स्टॅम्प दोन वेगळ्या गावात मारलेत. इंजिनचा कोड फ्लिंटला, गाडीचा नंबर नॉरवुडला, वेगळी माणसं, वेगळे ठसे, वेगळा हातोडा. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात ना, आईच्या लग्नातल्या पातेल्यावरचं नाव आणि नंतर घेतलेल्या डब्यावरचं नाव शेजारी ठेवलं तर एका हाताचं नाही हे लहान पोरालाही कळतं, तसं. आकड्यांची उंची, खोली, ओळ थोडी तरी वेगळी दिसते. दोन्ही एकसारखे, एकाच खोलीचे, अगदी नवे वाटले तर मला तरी तिथे झोप लागणार नाही. आणि हे पण, १९६९ मध्ये काही इंजिनांवर गाडीचा नंबर पॅडवर नाही तर खाली ऑइल फिल्टरच्या जवळ, खडबडीत लोखंडावर मारलेला असतो. म्हणून पॅडवर नुसता इंजिन कोड दिसला तर लगेच नापास करायचं नाही, फिल्टरजवळ बघायचं. तुझ्या गाडीतही तिथे बघ, दुसऱ्याच कुठल्या गाडीचा नंबर निघाला तर विषयच संपला.

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाहीये. बरीच वर्षं झाली, मी शेवरोलेचीच एक शेव्हेल एसएस घेतली होती, एका डीलरकडून, त्याचं नाव घेत नाही. पॅडवर नंबर स्वच्छ, गाडीशी जुळणारा, मी तो बोटाने चाचपून बघितला आणि मला वाटलं झालं, खात्री झाली. ब्लॉकची तारीख बघायला गेलोच नाही, कारण गाडी आवडली होती आणि मला नाही म्हणायचंच नव्हतं. दोन वर्षांनी हेड गॅस्केट गेलं, मेकॅनिकने हेड उचललं आणि मला बोलावून टॉर्च मारून दाखवलं, सगळ्या डेकवर गोल रेघा आणि पॅडही त्याच पातळीत तासलेलं. काही बोलला नाही तो, नुसता टॉर्च धरून उभा राहिला. घरी येऊन बायकोला सांगायला मला तीन दिवस लागले. पैशाचं दुःख असतंच, पण गाडीकडे बघताना पूर्वीसारखं वाटेनासं होतं ते जास्त लागतं. ते तुझ्या वाट्याला येऊ नये एवढ्यासाठी हे एवढं लांबण लावलंय, आणि तुझी बायको बरोबर बोललीये.

आता महत्त्वाचं. इंजिन मूळचं नाही याचा अर्थ गाडी खोटी असा होत नाही. गाडी खरी झेड २८ आहे का हा वेगळा प्रश्न आणि तो जास्त अवघड, कारण गाडीच्या नंबरात ते लिहिलेलंच नसतं. तुझा नंबर १२४३७९ एन ने सुरू होत असेल. १ म्हणजे शेवरोले, २४ म्हणजे व्ही-८ ची कॅमारो, ३७ म्हणजे कूपे, ९ म्हणजे १९६९, एन म्हणजे नॉरवुड, आणि पुढचे सहा आकडे अनुक्रमांक. कुठला व्ही-८ ते कुठेच नाही, इंजिनसाठी वेगळं अक्षर १९७२ पासून आलं. म्हणजे ३०७ वाली साधी कॅमारो आणि झेड २८, नंबरावरून दोघी सारख्या. १९६९ ला २,४३,०८५ कॅमारो बनल्या, त्यातल्या झेड २८ फक्त २०,३०२, उरलेल्यांतल्या किती जणींना पट्टे मारून झेड २८ केलं असेल विचार कर. जिथे २४ ऐवजी २३ असेल तिथे मात्र बोलायचं कामच नाही, ती सहा सिलिंडरची.

तुझ्या गाडीत बरी गोष्ट एक्स ७७ ही. नॉरवुडमध्ये डिसेंबर १९६८ पासून पट्टीवर हे एक्स कोड मारायला लागले, त्यात एक्स ७७ आणि एक्स ३३ हे दोन झेड २८ चे, ३३ असेल तर स्टाइल ट्रिम पॅकेजसकट. लॉस एंजेलिसला बनलेल्या गाड्यांवर हे नसतं, तुझी नॉरवुडची म्हणून तुला हा फायदा. पण पट्ट्या नव्या बनवून मिळतात. त्यामुळे पट्टी खरी का हे बघ: रिव्हेट हललेले आहेत का, पट्टीच्या कडेखाली पेंट कसा गेलाय, सगळं इंजिन बे जुनं आणि पट्टी तेवढी चकचकीत असं तर नाही ना. पट्टीवर पेंटचा कोड पण असतो, ७२ म्हणजे हगर ऑरेंज, तू ते लिहिलं नाहीस, बघून ये. गाडी ऑरेंज आणि पट्टीवर दुसराच रंग असेल तर गुन्हा नाही, लोक रंग बदलतात, पण मग विकणाऱ्याने ते स्वतःहून सांगायला हवं होतं.

डॅशबोर्डवरच्या नंबरपट्टीचा रिव्हेटही नीट बघ, काचेतून दिसतो, फुलासारखा, पाकळ्यांचा असतो. साधे गोल रिव्हेट दिसले तर तिथूनच परत फिर, ती पट्टी काढणं-बदलणं हा अमेरिकेत फेडरल गुन्हा आहे आणि त्या भानगडीत आपण पडायचं नाही, विशेषतः ग्रीन कार्ड वगैरे चालू असेल तर. बॉडीवर अजून दोन ठिकाणी हाच नंबर लपवून ठोकलेला असतो, एक फायरवॉलवर हीटरच्या डब्यामागे आणि एक काचेखालच्या व्हेंटच्या जाळीखाली. जाळी काढायला फार वेळ लागत नाही, विक्रेत्याला आधी विचारून काढ. हीटरचा डबा काढणं हे मोठं काम, ते तो घेण्याआधी करू देणार नाही, एक जागा दिसली तरी पुष्कळ.

गिअरबॉक्स विसरू नकोस. झेड २८ ला चार गिअरचा मॅन्युअलच यायचा, मन्सीचा. त्याच्या केसवर पण गाडीचा नंबर ठोकलेला असतो आणि तारीख, पी ९ ने सुरू होणारी, पी म्हणजे मन्सी, मग वर्ष, महिन्याचं अक्षर, दिवस, आणि शेवटी ए, बी किंवा सी हे गिअरबॉक्सच्या प्रकारासाठी. गाडीखाली वाकून बघावं लागेल, जमलं तर लिफ्टवर. बोगस इंजिन असलेल्या गाडीत मूळचा गिअरबॉक्स निघाला तर माझ्या दृष्टीने ते एक्स ७७ पेक्षा वजनदार, कारण इंजिन बनवणारे लोक गिअरबॉक्सपर्यंत सहसा कष्ट घेत नाहीत. मागचा बारा बोल्टचा ॲक्सल, पुढचे डिस्क ब्रेक हे असायलाच पाहिजेत, पण ते कुठूनही आणून बसवता येतात, असले तर ठीक, नसले तर प्रश्न.

कागदांचं म्हणशील तर शेवरोलेत ही मोठीच अडचण आहे. फोर्ड मस्टँग असती तर १९६७ पासूनचा मार्टी रिपोर्ट मागवला असता, पाँटिॲक असती तर त्यांच्या जुन्या बिलांची नोंद मिळाली असती. अमेरिकेत विकलेल्या शेवरोलेची अशी गाडीवार ऑप्शनची नोंद जीएमकडे, म्हणजे शेवरोलेच्या मूळ कंपनीकडे, मिळत नाही, कॅनडात विकलेल्यांची मिळते. तुझ्यासाठी उरतं ते गाडीबरोबर आलेलं: विंडो स्टिकर, सीटमध्ये वगैरे सापडणारी बिल्ड शीट (गाडीत काय काय बसवायचं याची फॅक्टरीतली यादी), आणि वॉरंटीच्या पुस्तकाला लावलेली प्रोटेक्ट-ओ-प्लेट, त्या धातूच्या पट्टीवर गाडीचा आणि इंजिनचा कोड असतो. ती पण नकली मिळते, पण जुन्या मालकाच्या नावासकट, झिजलेली, पुस्तकात अडकलेली असेल तर वजन असतं. आधीच्या मालकाचं नाव विचार आणि त्याला फोन कर. "हरवले" हे उत्तर तुला विकणाऱ्याकडून मिळालंय, मालकाकडून नाही.

आता त्या गृहस्थांशी काय बोलायचं. चोर म्हणू नकोस, मनातही म्हणू नकोस. त्यांना स्वतःला कुणीतरी असंच विकलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते, ठोकणारा कधीच निघून गेलेला असतो. शांतपणे सांग की ब्लॉकची तारीख इंजिनच्या तारखेनंतरची येतेय, तुम्ही पण बघा. मग एक विनंती कर, "नंबर मॅचिंग, ओरिजिनल इंजिन" असं विक्रीच्या बिलावर लिहून सही द्याल का. ज्याला खात्री आहे तो देतो. जो तिथे चाचरतो त्याची किंमत आपोआप खाली येते. त्यांनी खरं मानलं तर गाडी "मूळ इंजिन नसलेली झेड २८" म्हणून बोल, आणि एक्स ७७, लपलेला नंबर, गिअरबॉक्स हे सगळं जमत असेल तर त्या भावात मी तरी आनंदाने घेईन. कोऱ्या पॅडची गाडी किंवा सीई स्टॅम्पचा ब्लॉक असलेली गाडी पण चांगली, सीई म्हणजे फॅक्टरीने नंतर दिलेला बदली ब्लॉक, त्यात लपवाछपवी नाही. आणि घेतलीस तर त्या ठोकलेल्या नंबराबद्दल पुढे विकताना तू स्वतः सांगायचंस, हे आत्ताच ठरव.

पण आधी ती तारीख परत वाच, कारण माझा सगळा डोलारा तुझ्या एका फोटोवर उभा आहे आणि जाड पेंटखाली काहीही दिसतं. शनिवारी डिपॉझिट न नेता हे ने: चांगला टॉर्च, जुना टूथब्रश, फडकी, आणि पेंट काढायचं थोडं लिक्विड, विक्रेत्याची परवानगी घेऊन. पेंट भिजव, पुसून काढ. पॅडवर तारेचा ब्रश किंवा सँडपेपर चुकूनही लावू नकोस, रेघा गेल्या तर पुरावा गेला. मागची तारीख पॅसेंजरच्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरच्या मागे, ब्लॉक जिथे बेलहाउसिंगला, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या खोळीला, मिळतो त्या कडेवर आहे, तिथे आरसा लावलास तर अक्षरं उलटी दिसतील आणि परत घोळ होईल, त्यापेक्षा फोन आत घालून फोटो काढ. खडू आडवा घासलास तर उठावाचे आकडे पांढरे होऊन वर येतात. टॉर्च समोरून नको, बाजूने अगदी तिरका धर, पाच-सहा कोनांतून घे. सी आहे, जी आहे का बी आहे ते तेव्हा कळेल. बी निघाला, म्हणजे २७ फेब्रुवारी, तर मी इथे लिहिलेलं बरंचसं परत घेईन आणि मग आपण पॅडच्या रेघांबद्दल बोलू. फोटो रात्रीच पाठव, मी जागा असतो.